नवजात अर्भक आणि दुर्लक्षित नऊ महिने

प्रसूतिगृहातून बातमी बाहेर आली की नातेवाईक दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, मुलगा की मुलगी. आणि दुसरा, वजन किती भरले. पहिल्या प्रश्नावर महाराष्ट्रात पुष्कळ लिहिले आणि बोलले गेले आहे, आणि ते आवश्यकही होते. दुसरा प्रश्न मात्र कौतुकापुरताच राहतो. मूल दीड-दोन किलोचे निघाले तर 'नशीब' म्हणून ते सोडून दिले जाते, फार तर डॉक्टरांच्या नावाने बोटे मोडली जातात. वास्तविक तराजूतील त्या आकड्यात गेल्या नऊ महिन्यांत, आणि पुष्कळदा त्याही आधीच्या पंधरा-वीस वर्षांत, त्या मुलाच्या आईच्या वाट्याला काय आले याचा हिशेब उतरलेला असतो. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे मूल वैद्यकशास्त्र 'कमी वजनाचे' मानते. असे मूल दिवस पुरे होण्याआधी जन्मलेले असेल, अथवा पुऱ्या दिवसांचे असूनही पोटात उपाशी राहिलेले असेल. दोन्ही प्रकारांत त्याच्या दुखण्याची सुरुवात प्रसूतीच्या टेबलावर झालेली नसते.

गेल्या वीस वर्षांत या देशाने प्रसूतीची जागा बदलली, हे प्रथम मान्य केले पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये शंभरांपैकी जेमतेम ३९ बाळंतपणे दवाखान्यात होत असत. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ८८.६ वर गेले. महाराष्ट्रात तर ते ९४.७ भरले. हे यश लहान नाही. परंतु त्याच पाहणीच्या पुढील रकान्यांत डोकावले की चित्र निराळे दिसते. देशातील गर्भवती स्त्रियांमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ५०.४ टक्के होते, ते घटण्याऐवजी ५२.२ टक्के झाले. गर्भारपणात किमान चार वेळा तपासणी झालेल्या स्त्रिया ५८ टक्के, आणि लोहाच्या गोळ्या १८० दिवस घेतलेल्या केवळ २६ टक्के. प्रसूतीच्या एका दिवसाची व्यवस्था सरकारने लावली. त्याआधीच्या २८० दिवसांची व्यवस्था मात्र अद्याप लागलेली नाही. शासकीय अहवालांत 'संस्थात्मक प्रसूती' हा शब्द विजयपताकेसारखा मिरवतो. पण दवाखान्याच्या दारात पोहोचेपर्यंत अनेक अर्भकांचे भवितव्य बव्हंशी ठरून गेलेले असते, याची नोंद त्या अहवालांत क्वचितच आढळते.

वारेचे काम

गर्भारपणातील वाढत्या रक्तदाबाचेच उदाहरण घ्यावे. गर्भ राहिल्यानंतरच्या पहिल्या चार-पाच महिन्यांत वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीतील बारीक, नागमोडी रक्तवाहिन्यांत शिरतात आणि त्यांना रुंद करतात. पाटाचे दार उघडून शेताला पाणी मोकळे करावे, तसे हे काम असते. ते अर्धवट राहिले तर आरंभी काहीच जाणवत नाही, कारण गर्भ लहान असतो आणि त्याची मागणीही थोडी असते. दिवस भरत जातात तशी मागणी वाढते आणि पुरवठा तोकडा पडू लागतो. रक्ताला मुकलेली वार मग काही द्रव्ये आईच्या रक्तात सोडते आणि त्यांच्यामुळे तिच्या सर्व शरीरातील रक्तवाहिन्यांची अस्तरे बिघडतात. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० च्या वर जातो, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, डोके ठणकते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, तोंडावर आणि हातांवर सूज येते. घरातील वडीलधाऱ्या बायका या सुजेला 'अंगावर पाणी चढले' म्हणतात आणि ते सगळ्यांनाच होते असा दिलासा देतात. पुढे आकडी आली तर बाहेरची बाधा शोधण्यात काही मोलाचे तास जातात. त्या तासांत पुष्कळदा दोन जीव पणाला लागलेले असतात.

गर्भावर होणारा परिणाम तितकाच ठळक असतो. येणारे रक्त अपुरे पडले की गर्भाचे शरीर काटकसर करते. मेंदूकडे जाणारा पुरवठा ते शक्य तो राखते आणि यकृत, स्नायू, चरबी यांच्या वाट्याचे कापते. म्हणून अशा मुलाचे डोके त्या मानाने मोठे, पोट खपाटीला गेलेले आणि कातडी सैल दिसते. जन्मल्यावर त्याच्या अंगात ऊब टिकत नाही, कारण ती टिकवणारी चरबीच नसते. आणि यकृतात साठा नसल्यामुळे काही तासांतच रक्तातील साखर उतरते. या विकारावर खरा उतारा एकच आहे, तो म्हणजे प्रसूती. वार शरीराबाहेर पडल्याखेरीज रोग हटत नाही. डॉक्टरांपुढील पेच यातूनच उभा राहतो. आईच्या जिवासाठी मूल लवकर बाहेर काढावे तर ते अपुऱ्या दिवसांचे. थांबावे तर पोटात त्याची उपासमार चालू आणि आईच्या डोक्यावर आकडीची टांगती तलवार. बत्तिसाव्या आठवड्यात हा निर्णय घेणाऱ्या डॉक्टराला एकेक दिवस मोजूनमापून विकत घ्यावा लागतो.

या सर्व प्रकरणाची पहिली चाहूल देणारे साधन म्हणजे रक्तदाब मोजण्याचे साधे यंत्र आणि लघवी तपासण्याची एक पट्टी. आकडी टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट हे स्वस्त औषध आहे. ३३ देशांतील सुमारे दहा हजार स्त्रियांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने आकडीचा धोका निम्म्याहून अधिक कमी केला. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट २०१७ मध्ये पुढे आली. ज्या स्त्रियांना हा विकार होण्याचा संभव अधिक, त्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने ॲस्पिरिनची लहान मात्रा रोज दिली, तर दिवस भरण्यापूर्वीच प्रसूती करावी लागेल असा गंभीर प्रकार शंभरांपैकी ६२ ने घटतो. अट एवढीच की ही गोळी सोळाव्या आठवड्यापूर्वी सुरू झाली पाहिजे, म्हणजे वारेचे वर सांगितलेले काम चालू असतानाच. आता आपल्याकडील रीत अशी की तीन महिने पुरे होईतो गोड बातमी कोणाला सांगायची नाही, दृष्ट लागते. पुढे नाव नोंदवायला चौथा किंवा पाचवा महिना उजाडतो. दृष्टीच्या भयाने जी बातमी शेजारणीपासून लपवली जाते, ती गावातल्या परिचारिकेपासूनही लपून राहते, आणि पैशांत मिळणाऱ्या त्या गोळीची वेळ टळून जाते.

एका इंजेक्शनची हकीकत

ज्ञान हाती असूनही ते वापरले न जाण्याचा दोष केवळ आपल्या खेड्यांना देता येणार नाही. ७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला. तो साडेपाच आठवडे आधी जन्मला होता आणि त्याचे वजन दोन किलोंहून थोडे अधिक होते. बोस्टनमधील उत्तमोत्तम डॉक्टर दिमतीला असूनही तो ३९ तासांनी दगावला. त्याची फुप्फुसे पक्व झाली नव्हती. श्वास सोडल्यावर हवेच्या सूक्ष्म पिशव्या मिटून एकमेकींना चिकटू नयेत म्हणून फुप्फुसात एक स्निग्ध द्रव्य तयार होते. अपुऱ्या दिवसांच्या मुलात ते पुरेसे नसते. जगातील सर्वांत बलाढ्य सत्ताधीशाला त्या दिवशी जे विकत घेता आले नाही, ते आज तालुक्याच्या दवाखान्यातही मिळू शकते.

त्याची हकीकत न्यूझीलंडमधील मेंढ्यांपासून सुरू होते. ऑकलंडचे डॉ. ग्रॅहॅम लिगिन्स हे प्रसूतीच्या कळा कशाने सुरू होतात याचा शोध घेत होते. त्यासाठी गर्भातील कोकरांना ते स्टेरॉइड देत. असेच एक कोकरू इतके आधी जन्मले की ते जगण्याची शक्यता नव्हती. प्रत्यक्षात ते श्वास घेताना आढळले. लिगिन्स यांनी या आश्चर्याचा पाठपुरावा केला, डॉ. रॉस हॉवी यांच्यासह मातांवर चाचणी केली आणि १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुदतीपूर्वी कळा सुरू झालेल्या मातेला हे इंजेक्शन दिले तर पोटातल्या मुलाची फुप्फुसे लवकर पक्व होतात आणि मृत्यू घटतात. पुढे अनेक देशांत डझनभर चाचण्या झाल्या. तरीही बहुसंख्य प्रसूतितज्ज्ञांनी ते वापरलेच नाही. १९९० मध्ये डब्लिनच्या पॅट्रिशिया क्राउली यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विखुरलेल्या चाचण्या एकत्र मांडून दाखवल्या, आणि १९९४ मध्ये अमेरिकेतील अधिकृत तज्ज्ञ परिषदेने शिफारस केली. मधल्या बावीस वर्षांत हजारो मुले अशा कारणाने गेली की ज्यावरचा उपाय ग्रंथालयाच्या फडताळात पडून होता.

पण या हकीकतीला आणखी एक वळण आहे आणि ते महाराष्ट्राशी निगडित आहे. हे इंजेक्शन खेडोपाडी सरसकट पोहोचवावे अशा हेतूने सहा देशांत मोठी चाचणी झाली. भारतातील बेळगाव आणि नागपूर ही तिची दोन केंद्रे होती. २०१५ मध्ये निष्कर्ष आले ते निराशा करणारे होते. ज्या मुलांसाठी औषध होते त्यांचे मृत्यू घटले नाहीत. उलट एकंदर अर्भकमृत्यू किंचित वाढले. खेड्यांत स्त्रीचे नेमके किती आठवडे भरले याची खात्री नसते, त्यामुळे ज्यांना गरज नव्हती अशाही अनेकींना औषध दिले गेले होते. २०२० साली भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत आठवडे काटेकोर मोजून, आणि जन्मलेल्या मुलाच्या शुश्रूषेची सोय पाहून, तेच औषध दिले गेले तेव्हा मृत्यू स्पष्टपणे कमी झाले. औषध बदलले नव्हते. पहिल्या तीन महिन्यांत कोणी तरी पाळीची तारीख विचारून, शक्य तर सोनोग्राफी करून, ती कागदावर नीट लिहून ठेवली होती की नाही, यावर त्या औषधाचे अमृत व्हायचे की विष, हे बरेचसे अवलंबून होते. अंगणवाडीतल्या वहीतील एका तारखेला एवढे मोल असते.

मधुमेहाचा प्रकार वरवर याच्या उलट दिसतो. आईच्या रक्तातील जादा साखर वारेतून गर्भाकडे जाते, पण आईचे इन्शुलिन जात नाही. गर्भाचे स्वादुपिंड मग स्वतःच भरपूर इन्शुलिन बनवू लागते आणि मूल गुटगुटीत वाढते. चार किलोचे बाळ पाहून घरात पेढे वाटले जातात. नाळ कापताच साखरेचा ओघ थांबतो, इन्शुलिन मात्र चालूच राहते, आणि काही तासांत त्याच गुटगुटीत बाळाची साखर धोक्याच्या पातळीखाली उतरू शकते. शहरातील बैठ्या नोकरीच्या, तिशीनंतर माता होणाऱ्या स्त्रियांत हा विकार वाढतो आहे. ग्लुकोजचे पाणी पिऊन दोन तासांनी करायची एक चाचणी, पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान, एवढ्याने तो ओळखता येतो.

पुण्याजवळची सहा गावे

एखादा विकार ओळखू येतो तेथे निदान उपाय सुचतो. पण ज्या स्त्रीला कोणताच विकार नाही, जी फक्त लहानखुरी, अशक्त आणि कष्टाळू आहे, तिच्या मुलाचे काय? या प्रश्नाचा जगातील एक महत्त्वाचा अभ्यास पुणे परिसरात झाला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांची गर्भारपणापूर्वीपासून नोंद ठेवायला सुरुवात केली. या मातांचे सरासरी वजन ४२ किलोंच्या आसपास होते. त्यांच्या पुऱ्या दिवसांच्या मुलांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे ते ३.५ किलो होते. येथवर नवल नव्हते. नवल पुढेच होते. पुण्याच्या मुलांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते, पण कातडीखालची चरबी मात्र त्या प्रमाणात कमी झालेली नव्हती. दिसायला किडकिडीत, आतून मेदयुक्त. मोठेपणी बेताच्या वजनाच्या भारतीय माणसालाही मधुमेह का गाठतो, या कोड्याचा एक धागा थेट पाळण्यापर्यंत पोहोचला.

इंग्लंडमधील डॉ. डेव्हिड बार्कर यांनी हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून परिचारिकांनी ठेवलेली जुनी वजनवही शोधून काढली होती आणि लहान वजनाची मुले मोठेपणी हृदयविकाराने अधिक प्रमाणात दगावली हे १९८९ मध्ये दाखवले होते. पुण्याच्या अभ्यासाने या विचाराला भारतीय देह दिला. तेथील माता काय खातात हेही बारकाईने तपासले गेले. एकंदर उष्मांक किंवा प्रथिने यांच्यापेक्षा दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे किती वेळा खाल्ली, याचा मुलाच्या आकाराशी अधिक संबंध दिसला. 'दोन जिवांचे खा' म्हणून ताटात आणखी एक भाकरी वाढणाऱ्या सासवांनी हे ऐकायला हवे. दुसरी गोष्ट अशी की साठ टक्क्यांहून अधिक मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्या मातांत ते कमी आणि फोलेट भरपूर होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्शुलिनला न जुमानणारी प्रकृती दिसू लागली. गोळ्यांचे वाटपदेखील डोळसपणे व्हावे लागते, हा त्याचा अर्थ. आणि तिसरा निष्कर्ष कष्टांविषयी आहे. शेतातील काम, पाणी भरणे, धुणे यांचा भार जितका अधिक, तितके मूल लहान. घरातल्या धान्याच्या कणगीत कमतरता नसतानाही हे घडू शकते. तेथे जन्मलेल्या त्या मुली आता स्वतः माता झाल्या आहेत. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठराव्या वर्षाआधी झालेली होती. स्वतःची वाढ पुरी न झालेली मुलगी आणि तिच्या पोटातला गर्भ हे एकाच ताटातले भागीदार असतात.

येथे गडचिरोलीच्या कामाचा उल्लेख केला नाही तर अन्याय होईल. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत थोड्याफार शिकलेल्या खेडवळ स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केले. नवजात मुलाला ऊब देणे, श्वास चालू करणे, जंतुदोष ओळखून औषध देणे ही कामे त्या घरोघर जाऊन करू लागल्या. तीन वर्षांत नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आले. 'आशा' कार्यकर्तींनी घरी जाऊन अर्भक पाहावे, हे २०११ नंतरचे राष्ट्रीय धोरण यातूनच आले. जन्मानंतरही बरेच काही हाती असते, याचा हा पुरावा आहे. पण त्या गावांतही शंभरातील चाळीसच्या आसपास मुले कमी वजनाची जन्मत होती. आरोग्यदूताने वाचवलेल्या मुलाच्या आईची चाळीस-बेचाळीस किलोची काया तिच्या पिशवीतील कोणत्याही औषधाने बदलणारी नव्हती.

खाडा

आईच्या विश्रांतीचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १९२८ च्या जुलैत मुंबई कायदेमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूतीपूर्व काळातील विश्रांती ही राष्ट्रहिताची बाब असल्याचे मांडले होते, आणि तिचा भार मुख्यतः सरकारने उचलावा असे सुचवले होते. १९२९ मध्ये तो कायदा झाला, पण गिरणी-कारखान्यांतील स्त्रियांपुरता. १९६१ मध्ये केंद्राचा कायदा आला आणि २०१७ पासून पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. शाळेतील शिक्षिकेला, कचेरीतील कारकून स्त्रीला ती मिळते, आणि मिळालीच पाहिजे. शेतमजूर, वीटभट्टीवरील किंवा बांधकामावरील स्त्रीपर्यंत ती पोहोचत नाही. तिच्यासाठी २०१७ पासून मातृवंदना योजनेचे पहिल्या मुलासाठी पाच हजार रुपये आहेत. आणि तेही हप्त्यांनी!

बीड, जालना, अहिल्यानगर या भागांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास निघणाऱ्या ऊसतोड कुटुंबांकडे पाहिले की हा प्रश्न पुरता उघडा पडतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून उचल दोघांच्या नावे घेतलेली असते, म्हणून एकाने काम थांबवले तरी उचल फिटत नाही. कामाचा दिवस चुकला तर 'खाडा' पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. ऑक्टोबरात तिसऱ्या महिन्यात असलेली स्त्री फडावर जाते आणि एप्रिलमध्ये गावी परतते तेव्हा तिला नववा लागलेला असतो. मधल्या काळात ती ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर मोळी घेऊन गाडीपर्यंत जाते, पहाटे उठून पालावर स्वयंपाक करते. वारेच्या अपुऱ्या कामाची लक्षणे दिसू लागतात ती नेमकी याच महिन्यांत. तिचे नाव बीडच्या उपकेंद्रात नोंदलेले असते आणि ती असते सांगलीच्या किंवा कर्नाटकातल्या एखाद्या फडात. तेथील 'आशा' कार्यकर्तीच्या यादीत ती नसते. तिच्याजवळ माता व बाल संरक्षण कार्ड असलेच, तर त्यातील रक्तदाबाचे, लघवीचे आणि वजनाचे रकाने चौथ्या महिन्यापासून कोरे असण्याचीच शक्यता अधिक. तपासणीला जावे तर खाडा.

साखर कारखान्यांना गाळपाचा परवाना पुण्याच्या साखर आयुक्तालयाकडून मिळतो. कारखान्याला त्या परवान्यासाठी कितीतरी अटी पाळाव्या लागतात. आपल्या क्षेत्रात उतरलेल्या टोळ्यांतील गर्भवतींची यादी पहिल्या पंधरवड्यात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला देणे, पंधरा दिवसांतून एकदा परिचारिकेला पालापर्यंत वाहन देणे, आणि त्या दिवसाचा खाडा न धरणे, अशी आणखी एक अट त्यांत घालण्यास नवा कायदा करावा लागेल असे नाही. कारखान्याच्या काट्यावर उसाच्या प्रत्येक गाडीचे वजन होते आणि त्याची पावती फाडली जाते. तो ऊस तोडणाऱ्या गर्भवतीचे वजन करण्यासाठी लागणारा काटा परिचारिकेच्या पिशवीत मावतो.